साखरबाईंशी माझी मस्करी लागत होती

मला राग लवकर येतो. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यातली निम्मी तरी मी रागातच काढली असतील. शिरगावात आमच्या आळीत अजूनही मला माझ्या पाठीमागे 'तापट बाय' म्हणतात आणि ते काही खोटं नाही. पण आत्ताचा राग तसला नाही. चार महिने झाले, तो उतरायचं नाव घेत नाही, आणि त्यातला अर्धा माझ्या स्वतःवर आहे. म्हणून लिहायला बसले. साखरबाईंबद्दल लिहायचंय. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा मी काय लिहिलं ते त्यांना कळायचं नाही, आणि तेच बरं. माझ्या लिहिण्यानं त्यांचं व्हायचं तेवढं नुकसान एकदा होऊन गेलंय.

बोईसरच्या बाहेरच्या अंगाला आमची शाळा. साखरबाई तिथे खिचडी शिजवायला लागल्या त्याला सतरा वर्षं झाली. त्या मूळच्या भोकरदनकडच्या. नवरा पुंजाराम तारापूरच्या एमआयडीसीत रंगाच्या पावडरी बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला लागला, त्याच्यामागे त्या आल्या. सरावलीकडे चाळीत एक खोली, एक मुलगी ज्ञानेश्वरी, आणि तोंड असं की भलेभले वळसा घालून जातील.

त्या शाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये तांदूळ बघायला गेले. त्या डाळ धूत होत्या. माझ्याकडे वर-खाली बघितलं आणि विचारलं, "बाई, तुमची न् माझी मस्करी लागती का?"

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

तर त्यांनी मला समजावलं. त्यांच्याकडे मस्करी वाटेल त्याची करत नाहीत. मस्करीचं नातं लागावं लागतं. दीर-भावजयीचं लागतं, मेव्हणा-मेव्हणीचं लागतं, विहिणी-विहिणींचं तर लागतंच लागतं. सासऱ्याशी लागत नाही, भायाशी, म्हणजे थोरल्या दिराशी लागत नाही, जावयाशी तर मुळीच नाही. लग्न ठरलं की घरातली म्हातारी माणसं नव्या नवरीला आणि नव्या नवऱ्याला सांगून ठेवतात, अमक्याशी तुझी लागते, तमक्याशी लागत नाही. परक्या माणसाला आधी विचारायचं. तो 'लागते' म्हणाला की दोघांनाही मोकळीक. मग तो जे बोलेल ते आपणही ऐकून घ्यायचं, तोंड वाकडं करायचं नाही.

मी तेव्हा नवी बदली होऊन आलेली, डोक्यात शाळा तपासणीचं चाललेलं. म्हटलं, "नाही लागत."

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

दोन वर्षं त्या बाईनं माझ्याशी एक वावगा शब्द काढला नाही. 'हो बाई', 'न्हाई बाई', 'मीठ संपलं बाई'. सगळ्या शाळेत खसखस पिकलेली असायची, शिपाई धर्माजी तर शेडच्या दारातून हलायचा नाही, पोरं ताटं घेऊन तिथेच घुटमळायची, आणि मी आत पाऊल टाकलं की सगळं गप्प. मला वाटायचं माझा दरारा आहे. कसला दरारा. मी बाहेरची होते एवढंच.

एकदा केंद्रप्रमुखांशी माझं कडाक्याचं भांडण झालं, अख्ख्या शाळेनं ऐकलं. मी तशीच धुमसत शेडमध्ये गेले. साखरबाईंचं तोंड उघडलं होतं, मला बघून त्यांनी ते मिटलं. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "लागते."

"काय बाई?"

"तुमची माझी. मस्करी. लागते म्हणतेय ना."

त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. "मंग आधी एवढं सांगा बाई, त्या साहेबाला भाजून खाल्लं का उकडून?"

मी एवढी हसले की मला स्टुलावर बसावं लागलं. त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती. मी वर्गात चिडले की व्हरांड्यातून आवाज यायचा, "पोरांनो, गप ऱ्हावा रे, बाईंचा कुकर लागलाय, आजून दोन शिट्ट्या बाकी हायेत." मीही कमी नव्हते. "नावात साखर घालून ठेवलीत आणि खिचडीत मीठ विसरता," हे माझं ठरलेलं. त्यावर त्या ठरलेलंच उत्तर द्यायच्या, "तुमच्याच रागाचं मीठ घालायचं म्हून थांबले व्हते बाई." रोज तेच, आणि रोज हसू यायचं.

पुंजाराम कधीमधी सुट्टीच्या दिवशी तांदळाची पोती उतरवायला यायचे. उंच, वाळलेले, बोलणं जवळजवळ नाहीच. नखांच्या कडांत निळा रंग कायमचा बसलेला. साखरबाई म्हणायच्या, "आमचं हे म्हंजी बंद पडलेला रेडिओ. नवे सेल घातले तरी साधी खरखर करत न्हाई." पुंजाराम पोतं टेकवून सावकाश म्हणायचे, "स्टेशन एकच लागतं घरात. आमाला जागाच न्हाई." आणि दोघं एकमेकांकडे न बघता हसायचे.

मला शब्दांची खोड आहे. कुठला शब्द कुठून आला हे शोधायचं आणि समोर दिसेल त्याला सांगायचं. एकदा मी साखरबाईंना सांगितलं की मस्करी हा शब्द आपला नव्हेच, तो अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आला. मस्खरा म्हणजे लोक ज्याला हसतात तो, दरबारात हसवायला ठेवलेला माणूस. थट्टा निराळी. आणि चेष्टा म्हणजे तर संस्कृतात नुसती हालचाल, धडपड, आपण तिची टिंगल करून टाकली.

त्या मिरच्या निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी हसवायला ठिवलेला नोकर. मंग त्याला राजाची मस्करी करता येत व्हती का?"

"येत असावी थोडीफार."

"थोडीफार न्हाई चालत बाई. बराबर पायजे. ज्याला उलटून बोलता येत न्हाई, त्याला बोललं तर ती मस्करी नसती. ते दुसरं काईतरी असतं."

मी ते हसण्यावारी नेलं. पण त्या ते पाळायच्या. आमच्या एका मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफसमोर त्यांच्या काळ्या रंगावरून काहीतरी विनोद केला. सगळे हसले, मीसुद्धा ओठ हलवले असतील. साखरबाई हातातली बादली खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमची माझी लागत न्हाई." एवढंच. ते मुख्याध्यापक पुढे तीन वर्षं होते, शेडकडे फिरकले नाहीत. आणि अंगचटीला येणं तर त्यांना मुळीच खपायचं नाही. "मस्करी तोंडाची असती, हाताची न्हाई," म्हणायच्या. पोरांनी एकमेकांना टपल्या मारल्या तरी झारा घेऊन धावायच्या.

मी निवृत्त झाले, शिरगावला येऊन राहिले. नारळ, केळी, थोडा पानमळा, त्यात दिवस जातो. यंदाच्या माघात ज्ञानेश्वरीचा साखरपुडा झाला तेव्हा गेले होते. मुलगा जितेश, माझाच विद्यार्थी, आयटीआय झालेला, पुंजारामांच्याच कंपनीत वर्षभरापूर्वी लागलेला. सरळ पोरगा. सासरा समोर आला की हा खुर्चीतून उठून भिंतीला लागून उभा राहायचा. साखरबाई मला कानात म्हणाल्या, "बाई, हा जावई हाये का खुंटी? त्याच्यावर टोपी अडकवू का?" जितेशला ऐकू जाऊ दिलं नाही. जावयाशी लागत नाही ना.

त्यानंतर दीड महिन्यानं, एका शनिवारी सकाळी, जितेश माझ्या ओटीवर येऊन बसला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "बाई, एक खुलासा लिहून पायजे. शुद्ध मराठीत."

"कसला खुलासा?"

"कंपनीत एकाला लागलंय. माझ्या हातात हवेचा पाईप होता, तो सुटला. सुपरवायजर नीलेशसाहेब म्हणाले, मस्करीत झालं असं लिहून आण. मुद्दाम केलं असं मग कोणी म्हणणार नाय. मस्करीला गुन्हा नसतो म्हणाले."

इथे मी थांबते, कारण इथे मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. कोणाला लागलं, कसं लागलं, पाईप का सुटला. तीन प्रश्न. पाचवीतलं पोर रडत आलं तरी मी हे तीन प्रश्न विचारायचे. त्या दिवशी एकही विचारला नाही. पोरगा मान खाली घालून बसला होता, आणि मी काय केलं? मी चहा टाकला आणि म्हटलं, "मस्करी हा शब्द कुठून आला माहीत आहे का रे?" आणि त्याला अर्धा तास मस्खरा, थट्टा, चेष्टा, विनोद सगळं ऐकवलं. विनोद म्हणजे मुळात दूर सारणं, मनावरचा भार घालवणं, असं मी त्याला सांगितलं. त्याच्या चहावर साय धरली. त्यानं एकदा तोंड उघडलं होतं, "बाई, ते..." म्हणाला होता. मी म्हटलं, "थांब, माझं होऊ दे."

मग मी ऐटीत लिहिलं, माझ्या हातानं, वळणदार. 'पाळी संपतेवेळी आम्हा सहकाऱ्यांमध्ये नेहमीप्रमाणे थट्टामस्करी चालू असता, सहज मस्करीच्या भरात माझ्या हातून हवेचा पाईप सुटला. त्यामागे माझा कोणताही वाईट हेतू नव्हता.' ते 'नेहमीप्रमाणे' मी माझ्या पदरचं घातलं. वाक्याला तोल येतो म्हणून. जितेशनं न वाचता सही केली आणि गेला.

सोमवारी पुंजाराम वारले.

मला माझ्या जुन्या सहकारी मेघालीचा फोन आला. मी सरावलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हा कळलं की ज्याला लागलं होतं ते पुंजाराम. पाईपाच्या टोकाचं लोखंड कानशिलावर बसलं होतं. दोन दिवस हॉस्पिटलात शुद्धीवर नव्हते. साखरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सतरा वर्षांत मी त्यांना इतकं गप्प बघितलं नव्हतं. जितेश चाळीच्या जिन्याखाली बसला होता, आत यायची त्याची हिंमत नव्हती. आणि मी, शहाणी, त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "घाबरू नको, आपण कागद नीट लिहिलाय." तो माझ्याकडे बघत राहिला. मला तेव्हाही काही कळलं नाही.

पंधराव्या दिवशी साखरबाईंचा निरोप आला. कंपनीत बोलावलंय, कुठल्यातरी कागदावर अंगठा द्यायचाय, बाई तुम्ही चला आणि वाचून दाखवा.

आम्ही गेलो. एसी लावलेली केबिन, टेबलावर काच, काचेखाली सुरक्षा सप्ताहाचा फोटो. कार्मिक विभागाचा साहेब गोड बोलणारा. 'मावशी, बसा. मावशी, पाणी घ्या.' जितेशलाही बोलावलं होतं, तो दारापाशी उभा होता, आणि त्याच्या मागे नीलेश सुपरवायजर. साहेब म्हणाला, "मावशी, झालं ते वाईट झालं. हा चौकशीचा अहवाल आहे. मान्य आहे म्हणून खाली अंगठा द्या, म्हणजे पुढचं सगळं आम्हाला करता येईल."

साखरबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "वाचा बाई. सगळं वाचा, काई सोडू नका."

मी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागले. तारीख, वेळ, विभाग. आणि मग तिसऱ्या परिच्छेदात माझंच वाक्य आलं. जसंच्या तसं. 'नेहमीप्रमाणे थट्टामस्करी चालू असता, सहज मस्करीच्या भरात.' त्याच्याखाली त्यांनी आपलं जोडलं होतं. मृत कामगार स्वतः सदर मस्करीत सामील होता. कामगारांना अशा प्रकारांबाबत वेळोवेळी समज देण्यात आली होती. अपघातास संबंधित कामगारांचे बेशिस्त वर्तन कारणीभूत असून कंपनीचा कोणताही निष्काळजीपणा दिसून येत नाही. जितेश याच्याविरुद्ध पोलिसांत कारवाईची शिफारस करण्यात येत आहे.

शेवटच्या ओळी मी कशातरी पुटपुटले.

साखरबाई म्हणाल्या, "थांबा. कोन कोनाची मस्करी करत व्हतं?"

साहेब म्हणाला, "मावशी, हा जितेश, तुमच्या मिस्टरांची. पोरंसोरं करतात हो, हवा मारतात एकमेकांच्या अंगावर. आता त्याला कोण काय करणार."

"जितेश? त्यांची?"

"हो ना."

"साहेब, जावयाची न् सासऱ्याची मस्करी लागत न्हाई. ह्यो त्यांच्या म्होरं खुर्चीवर बसत न्हाई. तोंड वर करून बोलत न्हाई. ह्यो त्यांच्या अंगावर मस्करीनं हात टाकंल?"

साहेब हसला. समजूतदारपणे हसला, त्याचा मला जास्त राग आला. "मावशी, ते गावाकडचं झालं. कंपनीत सगळे सारखेच असतात."

साखरबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या वळल्या. "जितेश. तू मस्करी केली का?"

आणि तेव्हा, पहिल्यांदा, त्या पोराला कोणीतरी विचारलं. तो भिंतीकडे बघत बोलला. पण सगळं बोलला. त्या विभागात पाणी नाही. दोन वर्षं झाली, नळ आहेत, पाणी नाही. पाळी सुटली की माणसं डोक्यापासून पायापर्यंत रंगानं माखलेली असतात. तसल्या कपड्यांनी बसमध्ये चढू देत नाहीत, सीटा खराब होतात. म्हणून सुपरवायजरच रोज सांगतात, हवा मारके निकलो. कॉम्प्रेसरचा पाईप घ्यायचा आणि कपड्यांवरची पावडर उडवायची. स्वतःची पाठ स्वतःला झाडता येत नाही, ती दुसऱ्यानं झाडायची. पुंजारामांची पाठ रोज जितेश झाडायचा. मोठे आहेत म्हणून आधी त्यांची, मग स्वतःची. त्या पाईपाच्या जोडाला क्लिप नव्हती, तारेनं बांधला होता. तीन वेळा सांगून झालं होतं. तार निसटली, पाईप दावं तोडलेल्या बैलासारखा उसळला, आणि पुंजाराम वळून "झालं का" विचारत होते.

"ते मला 'झालं का' म्हणाले," जितेश म्हणाला. "मी म्हणणार होतो, झालं मामा."

मग साहेब फाईल थोपटत म्हणाला, "हे सगळं तू आता सांगतोयस. तेव्हाच्या खुलाशावर तुझीच सही आहे, जितेश. नेहमीप्रमाणे मस्करी चालायची असं तूच लिहून दिलंयस."

साखरबाईंनी कागदाकडे बोट केलं. "ही ह्याची भाषा न्हाई. ह्याला एवढं चांगलं बोलता येत न्हाई. कोनी लिवलं हे?"

मी खोटं बोलू शकले असते. नाही म्हटलं तरी मनात येऊन गेलं. पण मी म्हटलं, "मी लिहिलं, साखरबाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला सोसलं असतं, रागाचं मला सगळं कळतं. त्यांनी फक्त खात्री करून घेतल्यासारखं बघितलं. मग त्या साहेबाकडे वळल्या.

"साहेब, तुमची न् माझी मस्करी लागती का?"

"काय म्हणालात?"

"न्हाई लागत. त्यांची न् तुमची बी लागत नव्हती. त्यांना तुमाला उलटून बोलता येत नव्हतं, आता तर येनारच न्हाई. मंग मेलेल्या मानसाची मस्करी काऊन करता?"

साहेबाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. नीलेश काहीतरी म्हणायला पुढे आला आणि मग माझं डोकं फिरलं. छत्तीस वर्षांची शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली. शिरगावच्या आळीत भांडते तशी मी ओरडले, "तू गप ऱ्हा. तुज्या सांगन्यावरना मी लिवलाय तो कागद, न तो खोटा हाय. पोराला पुसला नाय मी काय झाला ता. सही त्याची हाय, पन अक्षर माजा हाय, न मी पोलिसांत जाऊन सांगनार हाय. आता काय करायचा ता कर."

कोरा कागद मी माझ्याच पर्समधून काढला. तिथेच, त्या काचेवर ठेवून, जितेश बोलत गेला आणि मी लिहीत गेले. यावेळी एक शब्द बदलला नाही. 'हवा मारके निकलो' हे तसंच लिहिलं. 'तारेने बांदलेला' म्हणाला, तर बांदलेलाच लिहिलं. साहेबानं तो घ्यायला नकार दिला, म्हणून मी तो कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयात नेऊन दिला आणि पोच घेतली. साखरबाईंनी त्यांच्या अहवालावर अंगठा दिला नाही.

पोलीस ठाण्यात माझा जबाब झाला. हवालदार तरुण होता, सभ्य होता. त्यानं विचारलं, "मॅडम, खुलासा लिहिताना तुम्हाला घटनेची काय माहिती होती?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग नेहमीप्रमाणे मस्करी चालू होती, हे कशावरून लिहिलंत?"

मी पालघर जिल्ह्यातल्या निदान दोन हजार पोरांना निबंध शिकवलाय. "वाक्याला तोल येतो म्हणून," मी म्हटलं, आणि त्यानं ते तसंच लिहून घेतलं.

जितेशवर एकट्यावर खापर फोडायचं तूर्त तरी थांबलंय. निरीक्षक येऊन गेले. त्या विभागात आता पाईपांना नव्या क्लिपा आहेत आणि नळांना पाणी आहे. मेघालीनं हे मला आनंदाची बातमी म्हणून सांगितलं. मी फोनवर तिच्यावर उखडले. चार क्लिपा आणि नळाला पाणी, ह्यासाठी एक अख्खा माणूस लागला, आणि त्याला हे लोक मस्करी म्हणत होते, आणि तो शब्द त्यांना मी दिला. केस पुढे सरकते आहे, कधी निकाल लागेल देव जाणे. पण पुंजाराम पाठ झाडून घेताना गेले, दंगामस्ती करताना नाही, एवढं कागदावर आहे. साखरबाईंना तेवढंच हवं होतं.

माझी खोड अजून गेली नाही. मध्यंतरी बोईसरच्या उर्दू शाळेतल्या निवृत्त मास्तरांना मी त्या शब्दाबद्दल पुन्हा विचारलं. ते म्हणाले, अरबीत ज्या धातूपासून मस्खरा निघतो, त्याच धातूपासून सुख्रा निघतो. सुख्रा म्हणजे वेठ. सक्तीनं, फुकट राबवून घेणं. मी वहीत टिपून घेतलं आणि वही मिटून ठेवली. साखरबाईंनी मिरच्या निवडता निवडता मला हे बारा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. उलटून बोलता येत नाही त्याला बोललं तर ते दुसरंच काहीतरी असतं. मी हसले होते.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले. लग्न पुढच्या वर्षी करायचं ठरलंय, जितेशशीच. ज्ञानेश्वरी कामावर गेली होती. साखरबाई पुन्हा शाळेत जायला लागल्यात. धर्माजी मला म्हणाला होता, "बाय, आता साखरबाय पयल्यासारकीच बोलते, परवा मला म्हने तुजा पोट पास झाला, तू नापास." तेव्हा मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

त्यांनी मला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. खुर्ची पुसून दिली. स्वतः खाली बसल्या. "बसा बाई. कशी हाये तब्येत? पानमळा कसा हाये?" सगळं विचारलं, नीट विचारलं. भिंतीवर पुंजारामांचा फोटो होता, नखं दिसत नव्हती. त्यांनी चहा केला आणि कप माझ्या हातात दिला.

मी एक घोट घेतला. मग धीर करून, आमचं ठरलेलं होतं तसंच म्हटलं, "काय साखरबाई, नावात साखर घालून ठेवलीत आणि चहात विसरलात?"

त्या लगेच उठल्या. "चुकलं बाई," म्हणाल्या. फळीवरचा डबा काढला, माझ्या कपात दोन चमचे साखर घातली, ढवळली, आणि पदर सारखा करून पुन्हा खाली बसल्या.

चहात साखर बरोबर होती. आता तो गोडमिट्ट झाला होता. मी तो सगळा प्याले.